तीन फैरींच्या पुढे

1 मे 2019. महाराष्ट्र दिन. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेड्याहून शीघ्र कृती दलाचे 15 जवान एका खाजगी गाडीतून निघाले. दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहनं नक्षलवाद्यांनी रात्रीतून जाळून टाकली होती, तिकडे पोचायचं होतं. जांभुळखेड्याजवळ, लेंढारी नाल्याच्या आसपास भूसुरुंग फुटला. 15 जवान गेले, गाडीचा चालकही गेला. त्या 15 जणांत तिघं भंडारा जिल्ह्यातले होते. भूपेश वालोदे लाखनीचे, नितीन घोडमारे साकोली तालुक्यातल्या कुंभलीचे आणि दयानंद शहारे लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरी मोठीचे. जिल्ह्यात तालुके सात. त्यांपैकी तीन तालुक्यांत एकाच दिवशी ही बातमी येऊन थडकली. दुसऱ्या दिवशी गडचिरोलीच्या पोलीस मुख्यालयात मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत मानवंदना झाली आणि मग पार्थिवं आपापल्या गावांकडे निघाली.

भंडाऱ्याला लोक नक्षलग्रस्त जिल्हा म्हणून ओळखत नाहीत. धानाचा, तलावांचा, पितळी भांड्यांचा जिल्हा म्हणून ओळखतात. पण ही ओळख अर्धीच आहे. 1 मे 1999 ला, म्हणजे जांभुळखेड्याच्या बरोब्बर 20 वर्षं आधी, गोंदिया वेगळा झाला. तोवर देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव हा सगळा जंगलपट्टा भंडारा जिल्ह्यातच होता आणि तिथली ठाणी भंडाऱ्याच्या पोलीस अधीक्षकांच्या हाताखाली होती. जिल्हा तुटला, जंगल तिकडे गेलं, तरी पोरांचं जाणं-येणं तुटलं नाही. लाखांदूरहून वडसा हाकेच्या अंतरावर, वडशाच्या पुढे कुरखेडा. झाडीपट्टीतल्या माणसाला ही दोन जिल्ह्यांमधली हद्द नाटकाच्या मंडपात कधी जाणवत नाही, नोकरीतही जाणवत नाही.

या पट्ट्यात पोलीस भरती हा शब्द घराघरांत आहे. पहाटे साकोली-लाखनीच्या रस्त्यांवर 1600 मीटरचा सराव करणारी पोरं दिसतात. 1600 मीटरला 20 गुण, 100 मीटरला 15, गोळाफेकीला 15, मग 100 गुणांची लेखी. दोन-चार एकर धानाच्या घरात एकाला वर्दी मिळाली की घराचं गणित बदलतं. म्हणून कामी आलेल्या पोलिसाच्या सन्मानाचा प्रश्न इथं भाषणापुरता उरत नाही. तो घराच्या मिळकतीचा, म्हाताऱ्या आईबापांचा आणि भरतीच्या रांगेत उभ्या असलेल्या पुढच्या पोराचाही असतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. सलामीत आपण कुठंही कमी पडत नाही. कमी पडतो ते या माणसाचा जीव का गेला, हे त्याच्या घरच्यांना नीट सांगण्यात. आणि ते सांगणं मी सन्मानातच धरतो.

आधी सलामी. दरवर्षी 21 ऑक्टोबरला देशातल्या प्रत्येक जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात पोलीस स्मृतिदिन होतो, तसा भंडाऱ्यातही होतो. या तारखेमागची घटना लडाखची. 1959 मध्ये हॉट स्प्रिंग्ज इथं टेहळणीसाठी तीन तुकड्या गेल्या होत्या. दोन परतल्या, तिसरी परतली नाही. दुसऱ्या दिवशी करमसिंग यांच्या नेतृत्वाखाली विसेक जणांची तुकडी शोधायला निघाली आणि टेकडीवरून चिनी सैनिकांनी गोळीबार केला. 10 पोलीस ठार झाले, काही पकडले गेले. मृतदेह परत मिळाले ते 13 नोव्हेंबरला, म्हणजे तीन आठवड्यांनी, आणि अंत्यसंस्कार तिथंच झाले. जानेवारी 1960 मध्ये राज्यांच्या पोलीस प्रमुखांच्या परिषदेनं हा दिवस पाळायचं ठरवलं. तेव्हा लडाखच्या या सीमेवर पहारा लष्कराचा नव्हता, पोलिसांचा होता, ही गोष्ट आज फारशी कुणाला ठाऊक नसते.

या कार्यक्रमात बघण्यासारखी गोष्ट एकच. भाषणं आटोपशीर असतात, पुष्पचक्रं वाहिली जातात; पण त्याआधी नावं वाचली जातात. 1 सप्टेंबर ते 31 ऑगस्ट या वर्षभरात देशात कर्तव्यावर गेलेल्या प्रत्येक पोलिसाचं नाव. काश्मीरचं, मणिपूरचं, छत्तीसगडचं, सीमा सुरक्षा दलाचं, रेल्वे सुरक्षा दलाचं. भंडाऱ्याच्या मैदानावर उभा असलेला शिपाई ज्या गावाचं नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकतोय, तिथल्या माणसासाठी शोक शस्त्र करतो: बंदूक उलटी, नळी बुटाच्या टोकावर टेकवलेली, दोन्ही हात दस्त्यावर, मान खाली. बिगुल, मग हवेत तीन फैरी. ऑक्टोबर 2019 च्या यादीत जांभुळखेड्याची 15 नावं होती आणि पुलवामात गेलेले केंद्रीय राखीव पोलीस दलाचे 40 जवानही. बुलढाणा जिल्ह्यानं त्या एकाच यादीत पुलवामाचे दोन आणि जांभुळखेड्याचे दोन दिले होते. हिंगोली, बीड, यवतमाळचीही गावं तीत होती. गडचिरोलीची लढाई गडचिरोलीपुरती कधीच नव्हती.

दिल्लीत चाणक्यपुरीला राष्ट्रीय पोलीस स्मारक उभं राहायला मात्र 2018 उजाडलं. 21 ऑक्टोबरलाच त्याचं उद्घाटन झालं. 30 फूट उंचीची, 238 टनांची एकसंध ग्रॅनाइट शिळा आणि भोवती शौर्याची भिंत. उद्घाटनाच्या वेळी तिच्यावर स्वातंत्र्यानंतरची 34,844 नावं होती. आता हा आकडा 36 हजारांच्या पुढे गेला आहे.

स्वातंत्र्यानंतरची, हे इथं महत्त्वाचं. त्याआधी मेलेल्या पोलिसांचं काय करायचं, हा आपल्या विदर्भाला चांगलाच ठाऊक असलेला पेच आहे. 16 ऑगस्ट 1942 ला आष्टीत लोक ठाण्यावर चालून गेले. गोळीबारात सत्याग्रही पडले आणि जमावाच्या हातून ठाणेदारासह पोलीस मारले गेले. त्याच दिवशी चिमूरलाही सरकारी माणसं मारली गेली. आष्टीत आजही नागपंचमीला हुतात्म्यांचं स्मरण होतं. ते योग्यच आहे. तुमसरलाही त्याच ऑगस्टात पोलिसांच्या गोळ्यांनी माणसं पडली, त्यांना तुमसर विसरलं नाही. पण आष्टीच्या ठाण्यात मेलेला शिपाईही कुठल्या तरी खेड्यातला, नोकरीच्या मागं आलेला माणूस होता. त्याच्यासाठी बिगुल वाजत नाही, वाजावा असंही मी म्हणत नाही. चौरीचौऱ्यात जमावानं जाळलेल्या पोलिसांचं स्मारक इंग्रजांनी बांधलं, स्वातंत्र्यानंतर सत्याग्रहींचंही झालं आणि आज दोन्ही स्मारकं त्या गावात आहेत. पोलिसाचा सन्मान तो कोणाच्या हुकुमावर उभा होता यावर ठरतो, एवढं या उदाहरणांतून कळतं. स्वतंत्र देशात त्याला हुकूम देणारं सरकार आपलंच असतं, म्हणून त्याच्या मरणाचा हिशेबही आपल्याकडेच मागावा लागतो.

स्वतंत्र देशातही सगळे मृत्यू एका मापात मोजले जात नाहीत. सगळ्यात वर 26/11. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर आणि तुकाराम ओंबळे यांना दोनच महिन्यांत, 26 जानेवारी 2009 ला, अशोक चक्र जाहीर झालं. ओंबळे सातारा जिल्ह्यातल्या केडंब्याचे, सहायक फौजदार. हातात लाठी असताना त्यांनी कसाबची बंदूक धरून ठेवली. गिरगाव चौपाटीवर, जिथं ते पडले तिथं, त्यांचा पुतळा आहे. 2021 मध्ये संशोधकांनी ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या कोळ्याच्या एका नव्या जातीला त्यांचं नाव दिलं. करकरे तर आमच्या विदर्भाचे, नागपूरला शिकलेले, चंद्रपूरला पोलीस अधीक्षक असताना जंगलातल्या वाळक्या लाकडांतून शिल्पं घडवणारे. चंद्रपुरात त्यांची आठवण अधिकारी म्हणून जितकी निघते तितकीच त्या लाकडांमुळेही निघते.

मग येतात चकमकीतले मृत्यू. शौर्यपदकाची रचनाच अशी आहे की ती एखादी कृती शोधते: तो पुढे गेला, त्यानं गोळी झेलली, त्यानं सोबत्याला ओढून आणलं. 1951 पासूनची ही पदकं अलीकडे सुटसुटीत केली गेली, पण निकष तोच राहिला. भूसुरुंगावरून गाडी जाते तेव्हा आतल्या माणसाला काही करायला सेकंदही मिळत नाही. त्याच्या नावापुढं कोणती कृती लिहायची? महिनोन्महिने त्याच रस्त्यानं रोज जाणं, ही कृती कुठल्याच अर्जात बसत नाही.

त्याखाली बाकीचे सगळे. ऑगस्ट 2016 मध्ये मुंबईत खारला विलास शिंदे या वाहतूक हवालदारांनी विना हेल्मेट गाडी चालवणाऱ्या एका अल्पवयीन मुलाला अडवलं, त्यातून डोक्यावर घाव बसला आणि 31 ऑगस्टला ते गेले. राज्य हळहळलं, महिनाभर चर्चा झाली. करोनाच्या दोन वर्षांत महाराष्ट्र पोलिसांनी आपली शेकडो माणसं गमावली. सरकारनं त्यांच्या कुटुंबांना 50 लाखांची मदत जाहीर केली, पण त्यांच्यासाठी गावात कमान उभी राहिल्याचं फारसं ऐकलं नाही. महामार्गावर रात्रीच्या नाकाबंदीत ट्रकखाली येणारा, गणपतीच्या बंदोबस्तात सलग उभा राहून छातीत कळ येऊन कोसळणारा, हेही ड्युटीवरच गेलेले असतात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टनच्या पोलीस स्मारकावर अपघातात आणि सेवेमुळं जडलेल्या आजारात गेलेल्यांची नावंही कोरतात. दर मे महिन्यात नवी नावं चढतात. इंग्लंडमध्ये 1984 मध्ये इव्हॉन फ्लेचर ही पोलीस शिपाई गोळीबारात गेल्यावर निघालेल्या न्यासानं एक साधा नियम पाळला: स्मारक जिथं माणूस पडला तिथंच. छोटा दगड, रस्त्याच्या कडेला. हा इंग्लंडचा नियम मला आवडतो. जांभुळखेड्याच्या रस्त्यानं जाणाऱ्या एसटीतल्या माणसाला कळायला हवं की इथं काय झालं होतं.

आणि तो सोळावा, गाडीचा चालक? तो पोलीस नव्हता, गाडी भाड्याची होती. शोक शस्त्र होतं तेव्हा यादीत पोलिसांची नावं असतात. एकाच गाडीत, एकाच क्षणी गेलेल्या 16 जणांपैकी एकाचा सन्मान वेगळ्या खात्यात जमा होतो. यात कुणाचा दुष्टपणा नाही, नियमांची रचनाच तशी आहे. पण त्याच्या गावाला हे कसं समजावून सांगायचं?

पैशांचं बोलणं शोभत नाही असं आपल्याकडे मानतात, म्हणून ते कुजबुजीत होतं. मी उघडच बोलतो. नक्षलविरोधी कारवाईत कामी आलेल्या पोलिसाच्या कुटुंबाला महाराष्ट्रात एकरकमी मदतीबरोबर, तो ज्या वयात निवृत्त झाला असता त्या वयापर्यंत त्याचं वेतन चालू राहतं. शिवाय अनुकंपा तत्त्वावर घरातल्या एकाला नोकरी. कागदावर ही तरतूद चांगली आहे, पुष्कळ राज्यांहून चांगली. कसोटी लागते ती घराच्या आत. बायको पंचविशीची, मूल कडेवर, सासूसासरे शेतावर. पगार बायकोच्या खात्यात, नोकरीवर हक्क तिचा की धाकट्या भावाचा? तिनं पुन्हा लग्न केलं तर? वीरपत्नी म्हणून व्यासपीठावर शाल-श्रीफळ घेणारी बाई आणि वीरमाता म्हणून तिच्या शेजारी बसलेली सासू, दोघी वर्षभर एकमेकींशी बोलत नसतात, अशी घरं विदर्भातल्या कुठल्याही तालुक्यात सापडतील. यावर उपाय नवं अनुदान नव्हे. पहिल्या सहा महिन्यांत एक जाणता माणूस त्या घरात बसायला हवा. वारस प्रमाणपत्र, बँक, विमा, पेन्शन, मुलांचा शाळाप्रवेश, सगळं एका हातातून जावं. पोलीस दलात कल्याण शाखा असते. पण तिच्यावर बदल्या, क्वार्टर, दवाखाना, कॅन्टीन असं इतकं ओझं असतं की तिसऱ्या वर्षी त्या घराची विचारपूस करणारा फोन कोण करणार?

गावपातळीवर सन्मानाची कल्पकता सरकारपेक्षा जास्त आहे. चौकाला नाव, शाळेच्या भिंतीवर फोटो, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेला नाव, त्याच्या स्मृतिप्रीत्यर्थ कबड्डीचे सामने. या भागात कबड्डीचे सामने पुण्यतिथीहून नेमानं होतात, हे गमतीनं सांगत नाही. त्यानिमित्तानं दरवर्षी नाव उच्चारलं जातं. ऑगस्ट 2023 मध्ये ‘मेरी माटी मेरा देश’ मोहिमेत ग्रामपंचायतींनी शिलाफलक लावले. त्यांवर गावातले स्वातंत्र्यसैनिक, सैनिक आणि कर्तव्यावर गेलेले पोलीस यांची नावं एकत्र यायची होती. कुठं ती नीट आली, कुठं मोहिमेच्या घोषणेखाली नावाची जागा कोरीच राहिली. आपल्या गावच्या ग्रामपंचायतीसमोरचा फलक एकदा वाचून या.

जंगलात स्मारकांची दुसरी बाजूही आहे, ती सांगितल्याशिवाय हा आढावा पुरा होणार नाही. नक्षलवादीही आपल्या मृतांची स्मारकं बांधत, लाल रंगाचे मनोरे, आणि 28 जुलै ते 3 ऑगस्ट हा त्यांचा शहीद सप्ताह. गडचिरोली पोलिसांच्या सी-60 या नक्षलविरोधी दलाचे जवान गस्तीला गेले की ते मनोरे पाडत. गडचिरोलीतल्या आदिवासी गावाच्या नजरेतून बघितलं तर त्याच्या शिवारात दोन सरकारं आपापल्या मेलेल्यांचा सन्मान करायला सांगत होती आणि खबऱ्या ठरवून मारलेल्या गावकऱ्यासाठी मात्र दोन्हीकडून फारसं कुणी रडत नव्हतं. सी-60 मध्येही बहुतांश पोरं याच गावांतली. 1990 मध्ये हे दल उभं केलं ते स्थानिक भाषा, वाटा, नाले ठाऊक असलेली पोरं हवीत म्हणूनच. गोळी लागलेला आणि गोळी झाडणारा, दोघांची गावं पाच-दहा कोसांवर.

2009 हे वर्ष गडचिरोली पोलीस विसरू शकत नाहीत. 1 फेब्रुवारीला मरकेगाव, 15 पोलीस. 21 मे ला आणखी 16 पोलीस, त्यांत पाच महिला. 8 ऑक्टोबरला भामरागड तालुक्यात लाहेरी, उपनिरीक्षक चंद्रशेखर देशमुखांसह 17. तीन घटनांत 48 माणसं. त्यानंतर कार्यपद्धती बदलली, असं सगळे सांगतात आणि ते खरं आहे. पायी गस्त, रस्ता तपासल्याशिवाय गाडी नाही, एका गाडीत गर्दी नाही. मग 2014 मध्ये मुरमुरीला गाडी भूसुरुंगावरून गेली आणि सात पोलीस गेले. आणि मग 2019. आदल्या वर्षी कसनसूर-बोरियात 40 नक्षलवादी मारले गेले होते, त्याच्या बदल्याची शक्यता सगळ्यांना दिसत होती. वाहनं जाळून पोलिसांना घाईत बोलवायचं आणि वाटेत सुरुंग लावायचा, ही युक्ती जुनी होती. तरी 15 जण भाड्याच्या एका गाडीत, दिवसाढवळ्या, न तपासलेल्या रस्त्यानं गेले.

हे कसं झालं? राष्ट्रीय तपास संस्थेनं हल्ला करणाऱ्यांचा तपास केला, अटका झाल्या, खटला उभा राहिला. पण सुरुंग कुणी लावला आणि गाडी कुणी पाठवली, हे दोन निराळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर खात्याच्या चौकशीत असतं आणि ती चौकशी घरच्यांच्या हाती पडत नाही. 26/11 नंतर हे सगळ्यात ठळकपणे दिसलं. कविता करकरे नवऱ्याच्या बुलेटप्रूफ जॅकेटचं काय झालं हे विचारत राहिल्या. विनिता कामटेंनी माहिती अधिकारात नियंत्रण कक्षाच्या नोंदी मिळवल्या आणि ‘टू द लास्ट बुलेट’ हे पुस्तक उभं केलं. अशोक चक्र घरात होतं, तरी त्यांना कागद हवे होते. मुंबईतल्या, शिकलेल्या, नावाजलेल्या अधिकाऱ्यांच्या बायकांना ते एवढ्या झगड्यानं मिळाले. दिघोरी मोठीतल्या बापानं तो अर्ज कुणाकडे करायचा?

लष्करात चौकशीचा शिरस्ता जुना आहे, पोलिसांत विभागीय चौकशीही होते. पण तिचा रोख दोषी कोण यावर असतो, घरच्यांना काय सांगायचं यावर नसतो. मला वाटतं प्रत्येक मृत्यूनंतर ठरलेल्या मुदतीत एक साधं मराठी टिपण घरी गेलं पाहिजे. गोपनीय काय ते वगळा. पण त्या दिवशी आदेश काय होता, गाडी कोणती होती, रस्ता तपासला होता का, यांतून पुढं काय बदललं, एवढं लिहून द्या. आणि ते अधीक्षकांनी स्वतः जाऊन वाचून दाखवावं. सत्कार समारंभात देऊ नये.

आता वारं बदललं आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये मर्दिनटोल्यात नक्षलवादी नेता मिलिंद तेलतुंबडेसह त्यांची मोठी तुकडी संपली, ऑक्टोबर 2025 मध्ये दुसरा नेता मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपतीनं 60 साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं टाकली. 1980 पासून चालू असलेली लढाई आटोपत आली, असं म्हणायला जागा आहे. या लढाईत गडचिरोली पोलिसांची 200 हून अधिक माणसं गेली. लढाई सरली की निधी सरतो, मग आठवण सरते. लोकांना फक्त चकमकी आठवतात. भंडाऱ्याचा धोका तर केव्हाच दुसऱ्या जागी सरकला आहे. वैनगंगेच्या घाटांवर रात्री रेती भरणारे टिप्पर आणि त्यांना अडवायला जाणारे दोन-चार पोलीस किंवा महसूलचे कर्मचारी. नागपूर-रायपूर महामार्गावरची नाकाबंदी. इथं कुणी कामी आला, तर त्याला गडचिरोलीच्या तोडीची तरतूद लागू होईल का, हे आधीच ठरलेलं असावं. पार्थिव दारात आल्यावर शासन निर्णय शोधत बसू नये.

एक काम जिल्ह्यानं उद्याच सुरू करावं, त्याला मंत्रालयाची परवानगी लागत नाही. भंडारा जिल्हा पोलिसांच्या पटावरून कामी आलेल्यांची, आणि भंडारा जिल्ह्यातल्या गावांतून निघून दुसरीकडे कामी आलेल्यांची, एक पुरी नोंदवही. 1999 च्या आधी देवरी-सालेकशाच्या जंगलात ड्युटी करताना गेलेला शिपाई आज कुणाचा? नोकरीला तो भंडाऱ्याचा होता, जागा आता गोंदियाची. दोन मुख्यालयं एकमेकांकडे बोट दाखवतील अशी ही नावं आहेत. वालोदे, घोडमारे, शहारे यांची नोंद गडचिरोलीत आहेच. ती भंडाऱ्याच्याही वहीत असावी. प्रत्येक नावापुढं गाव, ठाणं, तारीख आणि जीव कसा गेला याच्या चार ओळी. अपघातात गेला असेल तर अपघात, आजारानं गेला असेल तर आजार, तसंच लिहावं. वही पोलीस मुख्यालयात आणि जिल्हा ग्रंथालयात दोन्हीकडे ठेवावी, म्हणजे भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनाही ती मागून वाचता येईल.